उत्तरेची खोली वगळणेबाबत

विषय : नांदुरा येथील एका घराच्या ऑनलाइन जाहिरातीत समाविष्ट झालेली उत्तरेकडील खोली वगळणेबाबत.

संदर्भ : १) सदर जाहिरात, दिनांक ९ एप्रिल.
२) माझा दुरुस्ती अर्ज, दिनांक २९ एप्रिल.
३) सदर अर्जावर आलेली हरकत, दिनांक २ मे.

उपरोक्त विषयास अनुसरून सविस्तर निवेदन खालीलप्रमाणे. ते कोणत्या कार्यालयाला सादर करावे हे मला अजून ठरवता आलेले नाही, म्हणून वाचकांना सादर करतो.

१

मी दयाराम इंगळे, राहणार खामगाव. चौतीस वर्षे जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत कारकुनी केली, त्यातली शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून. या काळात माझ्या हातची एकही नोंद चुकीची निघाली नाही. हे मी म्हणत नाही. निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात सांगितले. भाषण मीच लिहून दिले होते, पण वाचले त्यांनी.

निवृत्त माणसे सकाळी फिरायला जातात आणि संध्याकाळी देश चालवतात. मी जाहिराती लिहितो. माझी सून मंजुश्री घरे आणि प्लॉट विकून देण्याचे काम करते. तिच्या धंद्यातले इतर लोक इंटरनेटवर कशा जाहिराती टाकतात ते तिने मला दाखवले तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. 'निसर्गाच्या कुशीत तुमच्या स्वप्नांचे घरकुल.' निसर्ग म्हणजे जिनिंग फॅक्टरीमागचा उकिरडा, आणि कुशीत म्हणजे अगदी कुशीत.

मी पद्धत बदलली. चारी बाजूंना काय आहे ते लिहायचे. बसस्टँड किती पावलांवर, ते चालून मोजायचे. नळ कोणत्या वारी येतो, किती वेळ राहतो. स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत मे महिन्यात संध्याकाळी किती वाजेपर्यंत हात लावू देत नाही, हे जाहिरातीत लिहिणारा या जिल्ह्यात मी पहिला असेन. मंजुश्री आधी हसली.

"बाबा, हे वाचून कोणी घर घेईल काय?"

"घेणार नाही तो येणार नाही. येईल तो घेईल."

तसेच झाले. सहा महिन्यांत भाड्याची सात घरे लागली आणि उंद्रीचा एक प्लॉट गेला. माझा मजकूर इतर एजंट उतरवून घेऊ लागले. एकाने तर माझी पावलेसुद्धा जशीच्या तशी उचलली. त्याचे घर बसस्टँडपासून तीन किलोमीटरवर होते.

२

नांदुऱ्याचे घर हे मंजुश्रीचे विकायला आलेले पहिले स्वतंत्र घर. मालक हिंमतराव. सारा जन्म सरकी पेंडीच्या व्यापारात गेला, आता मुलीकडे अकोल्याला जायचे म्हणतात. घर रेल्वेच्या रुळांपासून दोनशे दहा पावलांवर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण. उत्तरेची भिंत आंधळी, ना दार ना खिडकी. त्या भिंतीमागे मोकळी पडीत जागा आणि बाभळी. हे मी आतून मोजले, बाहेरून मोजले. टेपचे दुसरे टोक हिंमतरावांच्या हातात होते.

"साहेब," ते म्हणाले, "एवढं तं माह्या बापानं बांधतानीबी नसन मोजलं."

"म्हणून तर मोजावं लागून राह्यलं," मी म्हणालो.

संकेतस्थळाच्या फॉर्ममध्ये 'अतिरिक्त खोली : वर्णन' असा एक रकाना आहे. मी आयुष्यात रकाना रिकामा सोडलेला नाही. लागू नसेल तर 'निरंक' लिहावे, पण लिहावे. स्वतंत्र घराचा हा फॉर्म भरायला शिकलो तेव्हा सरावासाठी त्या रकान्यात मी माझ्या स्वतःच्या, खामगावच्या घरातल्या वाचनाच्या खोलीचे वर्णन टंकले होते. मजकूर असा :

'उत्तरेस स्वतंत्र खोली, नऊ फूट बाय अकरा फूट. उत्तरेला खिडकी, बाहेर कडुनिंब. भिंतीत पुस्तकांचे कपाट, पाच खण. दुपारी थेट ऊन नाही. वाचण्या-लिहिण्यास उत्तम, एकदा बसल्यावर उठावेसे वाटत नाही. ताबा : मालक स्वतः, रोजच्या वापरात.'

नमुना म्हणून हा मजकूर चांगला आहे, हे आजही म्हणेन. त्याच फॉर्मवर नांदुऱ्याच्या घराचे बाकी सगळे रकाने भरले. हा मजकूर काढायचा राहिला. कसा राहिला हा तपासाचा भाग आहे. मी 'सादर करा' दाबले.

३

तिसऱ्या दिवशी मंजुश्री मोबाइल घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"बाबा, एक्केचाळीस फोन. नांदुऱ्याच्या घरासाठी! मलकापूरवरून, शेगाववरून. सगळे ती खोलीच विचारून राह्यले. वाचण्या-लिहिण्याची."

मी जाहिरात उघडून पाहिली. खोली तिथे होती, माझ्याच शब्दांत. ती काढायची राहिली हे लक्षात आले, पण लगेच दुसरे काहीतरी वर आले, आणि ते जास्त जोरकस होते. एक्केचाळीस माणसे. माझी सहा वाक्ये वाचून एक्केचाळीस माणसांना एका खोलीत जाऊन बसावेसे वाटले होते.

"ती खोली कोणती, बाबा? मी तर दोनच पाह्यल्या होत्या."

इथे खुलासा करता आला असता. मी म्हणालो, "नीट पाहा. उत्तरेला."

माझा विचार असा : गिऱ्हाईक घर बघायला येईलच. खोली नाही हे त्याला दिसेल. पण तोवर तो नांदुऱ्यात आलेला असेल, आणि घर खरोखर चांगले आहे. शिवाय माझ्या मजकुरात दुरुस्ती म्हणजे माझ्या नोंदीवर लाल शाई. चौतीस वर्षांत ती कोणी मारली नव्हती. आता सुनेच्या हातून मारून घ्यायची?

४

एकोणीस तारखेला मंजुश्रीने घर दाखवले. गिऱ्हाईक म्हणजे प्रसेनजित सर, हायस्कूलला मराठी शिकवतात, आणि त्यांची बायको मयुरी. मंजुश्री संध्याकाळी परतली ती चपला न काढताच बोलायला लागली.

"पक्कं झालं, बाबा! सरांना खोली फार आवडली."

"कोणती?"

"कोणती म्हणजे? उत्तरेची. तुम्ही लिहिली ती."

मी हसलो. सून सासऱ्याची गंमत करते, ही आमच्या घरात नवी गोष्ट नाही. "कशी आहे?"

"तुम्ही लिहिली तशीच. फक्त आत गेलो नाही. आत हिंमतरावांकडचे कोणी काका लिहीत बसले होते. सर म्हणाले, त्यांना उगाच त्रास नको, दारातूनच पाहू. मयुरीताई तर म्हणाल्या, बघा, या खोलीत माणूस किती शांत बसतो." तिने मोबाइल पुढे केला. "मी फोटो काढला लांबून."

फोटोत हिंमतरावांची आतली खोली, आणि उत्तरेच्या आंधळ्या भिंतीत एक दार. हिरवे. अर्धे उघडे. फटीतून भिंतीचा एक तुकडा दिसत होता आणि त्यावर घड्याळ. चार वाजून एकोणीस मिनिटे. फोटो काढल्याची वेळ मोबाइलमध्ये चार बारा.

नोकरीत असताना मी घरचे घड्याळ सात मिनिटे पुढे ठेवत असे. निवृत्तीनंतर ते मागे घेण्याचा आदेश कोणी काढला नाही, म्हणून ते आजही पुढेच आहे. ते माझ्या खोलीत आहे.

मी स्वतःशी कारणे मांडली. एक, फोटो आमच्याच घरी काढलेला असावा. दोन, घड्याळे सगळीच चुकतात. तीन, मंजुश्री दमली आहे. तिन्ही कारणे कागदावर टिकली असती. मी ती कागदावर लिहूनही पाहिली.

"बाबा, घाम काऊन येऊन राह्यला?" मंजुश्रीने विचारले.

"एप्रिल आहे," मी म्हणालो.

५

दुसऱ्या दिवशी जेवण करून मी माझ्या खोलीत वाचत बसलो होतो. बाहेर कडुनिंब, समोर पाच खणांचे कपाट. गाडीचा आवाज आला. मालगाडी. वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मोजणे ही माझी जुनी सवय. सांध्यावरचे ठोके मोजत गेलो. अठ्ठावन्न. आवाज लांब लांब होत गेला आणि संपला. मी पान उलटले.

मग लक्षात आले. खामगावचा रूळ जलंबहून येतो आणि इथेच संपतो. आमच्या गावात गाडी येते, थांबते आणि आल्या वाटेने परत जाते. खामगावातून कोणतीही गाडी पुढे निघून जाऊ शकत नाही. ही मात्र निघून गेली होती.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. दुपारी दोनला, चारला बारा मिनिटे कमी असताना, आणि सव्वापाचला एक जलद, शिट्टी देत. मी वेळा टिपून ठेवल्या. नांदुऱ्याच्या वेळापत्रकाशी त्या जुळवून पाहिल्या नाहीत. काही कागद मागवायचे नसतात, हे कारकुनाला कळते.

चोवीस तारखेला तानाबाई, म्हणजे माझी पत्नी, चार वाजता चहा घेऊन आली. दारात उभी राहिली. खोलीत पाहिले. माझ्याकडे पाहिले असे मी म्हणेन, कारण दारापासून माझी खुर्ची सरळ समोर, सात फुटांवर आहे.

"आता कुठी गेले हे?" ती म्हणाली.

"अगं, इथंच आहे."

ती कपबशी घेऊन परत गेली. मी उठून मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"कव्हा आले बाहेरून? चप्पल तं वाजली नाई."

"मी बाहेर गेलोच नव्हतो. खोलीत होतो."

"काऊन खोटं बोलता वो या वयात? मी आत्ता पाह्यलं. खुर्ची रिकामी होती." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आन् खोलीत कसं तरीच वाटे मले. मानूस गाव सोडून गेल्यावर वाटते तसं."

आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली. या बाईने मला अनेक गोष्टी ऐकवल्या आहेत. कारण नसताना एकही नाही.

६

अठ्ठावीस तारखेला सकाळच्या बसने नांदुऱ्याला गेलो. सोबत टेप आणि माझी मोजणीची मूळ टिपणे. आधी घराच्या मागे गेलो. उत्तरेची भिंत आंधळी, बाभळी जागच्या जागी, सावलीत एक शेळी. टेप लावली. टिपणाप्रमाणे तंतोतंत. मला जरा बरे वाटले. माझी मोजणी बरोबर होती.

मग आत गेलो. त्याच भिंतीत दार होते. हिरव्या रंगाचे, आणि डाव्या चौकटीवर कमरेच्या उंचीला एक खोक. तशी खोक माझ्या दारालाही आहे. मुलाच्या, नागसेनच्या, लग्नात कपाट हलवताना पडली होती.

"हिंमतराव, हे दार कधीपासून आहे?"

ते ओशाळले. चोरी पकडल्यासारखे म्हणाले, "साहेब, खरं सांगू काय? जाहिरात लागली, त्याच्या तिसऱ्या दिवशी मले दिसलं. मले वाटलं, माह्याच ध्यानात नसन. तुमच्यासारका मानूस मोजून गेला, लिवून गेला. मंग असनच."

"पण तुम्ही जन्मापासून या घरात राहता!"

"राहनं येगळं, साहेब. नोंद येगळी."

हे वाक्य मी चौतीस वर्षे खिडकीच्या आतून लोकांना ऐकवले होते. खिडकीच्या बाहेरून ते पहिल्यांदाच ऐकले.

"आत गेलात कधी?"

"नाई बा. आत कोनी तरी हाय. रिकामं नाई हाय ते." त्यांनी आवाज दाबला. "तुमच्या जाहिरातीतच हाय न. ताबा."

मी दारापाशी गेलो. आतून पंख्याची कुरकुर येत होती. तिसऱ्या फेऱ्याला अडखळणारी, माझ्या पंख्याची. मग आतून, बऱ्याच आतून, माझ्या घरात जिथे स्वयंपाकघर आहे तिथून, बाईचा आवाज आला.

"चहा ठेवला वो!"

तानाबाई खामगावात होती. तिला मी सकाळी घरी सोडून आलो होतो. भिंतीच्या पलीकडे बाभळी आणि शेळी होती.

फटीतून टेबलाची कड दिसली. त्यावर कोपर, पांढऱ्या सदऱ्याची दुमडलेली बाही. पेन चालल्याचा आवाज. मी दाराला हात लावला, तेव्हा पेन थांबले. मान वर झाली नाही. फक्त डावा हात उचलला गेला, तळवा माझ्याकडे, बोटे जुळलेली.

थांबा.

हा हात मला माहीत आहे. कचेरीत दारात कोणी अर्ज घेऊन उभा राहिला की मी मान वर न करता असाच हात दाखवत असे. त्यात राग नसतो. तिरस्कारही नसतो. फक्त समोरच्याची वेळ आपल्या हातात आहे एवढेच असते. मी तो हात हजारो लोकांना दाखवला, आणि तो इतका परिणामकारक आहे हे मला ठाऊक नव्हते. मी थांबलो.

खांद्याला हिंमतरावांनी हात लावला तेव्हा माझे पाय बधिर झाले होते.

"साहेब, पाऊन तास झाला. बसा तरी."

दाराची फट मघाएवढीच होती. पेन चालू होते.

७

त्या संध्याकाळी मी मंजुश्रीला म्हणालो, "ती खोली जाहिरातीतून आणि खरेदीखतातून काढून टाक."

"बाबा, काय बोलून राह्यले! पंधरा मेला खरेदी आहे. खत लिहिणाऱ्याने मिळकतीचं वर्णन तुमच्या जाहिरातीवरून जसंच्या तसं उतरवलं. म्हणाला, एवढं स्वच्छ वर्णन मी आजवर पाह्यलं नाही." तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "आणि सर ती खोलीच घेऊन राह्यले, घर नाही. मी त्यांना काय सांगू? खोली नाही म्हणून?"

"सांग की... वर्णनात फरक आहे."

"म्हणजे तुमची चूक झाली? तसं लिहून द्या. मी उद्या सरांकडे जाते. सौदा मोडला तर मोडला, माझं मी पाहीन. पण तुमच्या सहीने द्या."

मी म्हणालो, "पाहतो."

खरेदीखत नोंदले गेले की ती खोली प्रसेनजित सरांची. खोलीबरोबर तिच्यात रोजच्या वापरात असलेले जे काही आहे, तेही नांदुऱ्याचे. आणि मग तानाबाई चार वाजता दारात उभी राहील तेव्हा खुर्चीत कोण नसेल, हे मला समजत होते.

एकोणतीस तारखेला संकेतस्थळाकडे दुरुस्तीचा अर्ज केला. 'दुरुस्तीचे कारण' या रकान्यात 'तांत्रिक' असे लिहिले. हा शब्द सरकारात फार उपयोगी पडतो. दोन मेला उत्तर आले. संबंधित खोलीच्या ताबेदाराने अर्जावर हरकत घेतली होती. हरकतीची प्रत सोबत होती :

'सदर खोलीचे वर्णन प्रत्यक्ष मोजमाप व वस्तुस्थितीस धरून आहे. अर्जदाराने मूळ मजकूर स्वतः लिहिला असून तो लिहिताना चूक झाल्याचे अर्जात कोठेही नमूद केलेले नाही. चूक नसेल तर दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. सबब अर्ज निकाली काढावा.'

ताबेदाराचे नाव दिलेले नव्हते. मी प्रत तीनदा वाचली. पहिल्यांदा भीतीने. दुसऱ्यांदा तपासणीसाठी. तिसऱ्यांदा, खोटे कशाला सांगू, कौतुकाने. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. अशी हरकत लिहिणारा माणूस आज जिल्ह्यात दुसरा नाही.

८

आज बारा मे आहे. हे निवेदन मी स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. माझ्या खोलीत गेल्या आठ दिवसांत गेलेलो नाही. तानाबाई समोर भाजी निवडते आहे. मी अधूनमधून तिला हाक मारतो.

"काय वो सारखं?"

"दिसतो ना मी?"

"दिसता बाप्पा. दिसता." पण आज सकाळी हे उत्तर द्यायला तिने पहिल्यांदा मान वर करून थोडे शोधले.

आतून पेनाचा आवाज येतो. ती मान्य करत नाही. पण दुपारी दोनपासून स्वयंपाकघराचे दार तिने लावून घेतले आहे.

हरकतीवर सुनावणीची तरतूद संकेतस्थळावर नाही. फक्त एक प्रश्न आहे. तो सकाळी दहापासून मंजुश्रीच्या जुन्या मोबाइलवर माझ्यासमोर उघडा आहे : 'मूळ मजकूर लिहिताना आपल्याकडून चूक झाली होती काय?' खाली दोन चौकोन. होय. नाही. 'होय' दाबले की हरकत रद्द होते आणि खोली वगळली जाते, असे बारीक अक्षरांत लिहिलेले आहे. मुदत चौदा मे, संध्याकाळी सहापर्यंत.

चौतीस वर्षांत माझ्या हातची एकही नोंद चुकीची निघाली नाही. जाहिरात आजवर चार हजार एकशे बारा लोकांनी पाहिली आहे. खोलीबद्दल एकानेही तक्रार केलेली नाही.

रकाना रिकामा आहे. अर्ज प्रलंबित आहे.